पहिल्या ओळीचा मान

माझ्या मैत्रिणीचं सगळं माझ्यासारखंच होतं, म्हणून तर मला तिचा हेवा वाटायचा. माणसाला राजाचा हेवा वाटत नाही, शेजारच्याचा वाटतो. ती नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, मी तिथल्याच रेल्वेतल्या खलाशाची. तिच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी ती, माझ्या घरातली मी. दोघींनी रसायनशास्त्रातच एम.एस्सी. केलं, एकाच वर्षी. पुढे नोकरीनं आम्हाला लातूरच्या एकाच कॉलेजात, एकाच विभागात, समोरासमोरच्या टेबलांवर आणून बसवलं. ती मुसलमान, मी बौद्ध. भाड्याची खोली शोधताना घरमालक तिला विचारायचे, "नॉनव्हेज करता का?" आणि मला विचारायचे, "पूर्ण नाव काय म्हणालात?" अर्थ एकच. शेवटी दोघींनी मिळून एक खोली घेतली आणि माझं लग्न होईपर्यंत एकाच स्टोव्हवर स्वयंपाक केला.

एकाच स्टोव्हवर स्वयंपाक केला म्हणून जळफळाट कमी होतो असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्याकडे यावं. तिचं अक्षर चांगलं होतं, त्याचा मला राग यायचा. तिच्या हातून काचेचं भांडं कधी फुटत नसे, त्याचाही यायचा. पण हे सगळं किरकोळ होतं. खरं पोटात दुखायला लागलं ते नंतर, संशोधनाच्या पैशांवरून.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा भूकंप होऊन फार दिवस झाले नव्हते. औसा भागातल्या गावांकडे अजून पत्र्याच्या शेडांच्या रांगा होत्या. आणि बाहेरून शास्त्रज्ञ येत होते. त्यांच्या जीपमध्ये खोकी असायची, तिपाये असायचे, आणि पायांत जाड तळव्यांचे बूट असायचे. मला त्या बुटांचा फार हेवा वाटायचा. आम्हा कॉलेजच्या लोकांना ते बरोबर न्यायचे, ते गाव दाखवायला आणि बायकांशी बोलायला. मी जीपच्या मागच्या बाकड्यावर बसून जायची आणि 'हाव' आणि 'न्हाई'चं हिंदी करून सांगायची. पुढे त्यांचे निबंध छापून यायचे आणि शेवटी बारीक अक्षरात स्थानिक महाविद्यालयाचे आभार असायचे. नावं नाहीत, नुसते आभार.

एकदा मी विभागात तणतणले, की जमीन आमची हलली, माणसं आमची गेली आणि अभ्यासाचा पैसा मात्र सगळा पुण्या-हैदराबादला चाललाय. आमचे विभागप्रमुख सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "पोरी, ज्याच्या घरी लगीन, त्याला जेवायला शेवटच्या पंगतीत मिळतंय."

सर लातूरजवळच्या मुरुडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मी रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी मला तो नेहमीचा पूर्ण नावाचा प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "केमिस्ट्रीच्या म्याडम हायेत. तेवढं पुरे न्हाई का?" त्या एका वाक्यावर मी त्यांची झाले. त्यांनी मला पोरी म्हणायचं, मी त्यांचा चहा कमी साखरेचा सांगायचा, असं आमचं जमून गेलं.

त्याच वर्षांत शहरात क्लासेसचं पीक आलं. गल्लोगल्ली मेस निघाल्या, घरमालकांनी गच्चीवर मुलांसाठी खोल्या चढवल्या, चौकात गुणवंतांचे फोटो लागले. ज्याला रसायनशास्त्रातल्या मोलच्या हिशोबाची गणितं फळ्यावर झरझर सोडवता येतात अशा माणसाला लातुरात तेव्हा मरण नव्हतं. आमच्यातले एकेक जण क्लासकडे वळले आणि स्कूटरवरून गाडीवर गेले. सरसुद्धा सकाळी एका क्लासवर बॅच घ्यायचे. प्रयोगशाळा फक्त प्रात्यक्षिक परीक्षेपुरती उघडायची. माझा नवरा सिंचन खात्यात होता, सरळ माणूस. तो म्हणायचा, "अगं, तुला शिकवता येतं, लोक बोलावून राहिलेत, आणि तू पाण्याच्या बाटल्या काय गोळा करत फिरतेस?"

पाण्याच्या बाटल्यांचं असं झालं होतं. एका जीपबरोबर मी नव्यानं वसवलेल्या गावात गेले होते. पाहुणे भिंत कोणत्या दिशेला पडली ते विचारत होते. मी एका बाईच्या चुलीपाशी बसले. ती म्हणाली, "घर शिमेंटचं दिलं, रस्ता दिला, समदं दिलं. पर हापशाच्या पाण्यात वरणच शिजंना, म्याडम. डाळ सकाळी घातली तर दुपारला बी टणक." म्हणून गावातल्या बाया घागरी घेऊन जुन्या गावात जायच्या. तिथं घरांचे दगड अजून तसेच पडलेले होते. त्या दगडांमधून वाट काढत, ज्या जागेकडे बघवत नाही त्या जागेवरून, त्या जुन्या विहिरीचं पाणी आणायच्या. कशासाठी, तर वरणासाठी.

कठीण पाण्यात डाळ शिजत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. पण कोणत्या गावाच्या कोणत्या हापशाला काय आहे, पाण्यात आणखी काय काय आहे, ते आधीपासून होतं की जमीन हलल्यावर आलं, आणि त्या पाण्यावर वाढणाऱ्या पोरांच्या दातांचं काय होणार, हे कुणालाही माहीत नव्हतं. जीपवाल्यांनी वरणाचं विचारलंच नव्हतं. ते कशाला विचारतील? त्यांना जेवण आयतं मिळायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला असा एक प्रश्न सापडला होता ज्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा कठीणपणा तेवढा मोजता यायचा. पुढचं करायचं तर यंत्र हवं होतं, गावोगाव जायला भाडं हवं होतं, वर्ष दोन वर्षं हवी होती. ते मिळालं नसतं तर माझाही शेवट फळ्यासमोरच होता, आणि ते मला दिसत होतं.

अशात नोटीस बोर्डावर दिल्लीच्या एका योजनेचं पत्रक लागलं. त्याचा सारांश असा, की संशोधनाचा पैसा नेहमी ठरावीक शहरांतल्या ठरावीक संस्थांना जातो. आता महिलांनी, मागास भागातल्या कॉलेजांनी आणि ज्यांना आजवर काहीच मिळालेलं नाही अशांनी अर्ज करावा. मला वाटलं, हे कुणीतरी मला समोर बसवून लिहिलंय. मग शेजारून अत्तराचा वास आला आणि पाहिलं तर माझी मैत्रीण मान वर करून तेच पत्रक वाचत होती. माझा अर्धा आनंद तिथेच संपला.

तिचा विषय होता मिरची. धर्माबादच्या बाजारात तिची खाला, म्हणजे मावशी, आणि खालाच्या सुना मिरच्यांची देठं खुडायच्या. संध्याकाळी त्यांचे हात इतके भगभगायचे की लेकराला घेता येत नसे. त्या हाताला नेमकं काय होतं, कातडीत ते किती आत जातं, आणि स्वस्तात काय लावलं तर थांबेल, एवढं तिला शोधायचं होतं. मला मनातून हसू आलं. कुठे माझा भूकंप आणि कुठे तिची मिरची. मी तिला तोंडावर म्हटलं, "छान आहे गं." असं छान म्हणायला मला फार चांगलं जमतं.

आता अर्ज. माझा अर्ज मी जीव ओतून लिहिला. पण पहिल्या ओळीत 'मुख्य संशोधक' असं होतं, आणि तिथं मी सरांचं नाव घातलं. प्राचार्यांना 'मार्गदर्शक' केलं. माझं नाव तिसऱ्या ओळीत, सहसंशोधक म्हणून. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. सरांनी तर ब्र काढला नव्हता. पण आमच्याकडे कुठलाही छापील कागद लग्नपत्रिकेच्या नियमानंच चालतो. आधी स्वर्गवासी आजोबा, मग हयात आजोबा, मग चुलते, मग बाप, आणि जिचं लग्न आहे ती जागा उरली तर. आमच्या बौद्धांच्या पत्रिकांवरून देव गेले, पण नावांचा क्रम जिथल्या तिथे राहिला. ज्याच्या घरात कार्य, त्यानं स्वतःचं नाव पहिलं घालणं म्हणजे बेशरमपणा. मी कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी पहिली ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचली. म्हणाले, "हे कशाला गं पोरी?" पण खुश झाले होते. सही करताना त्यांचा हात जरा जास्तच वळणदार चालला.

माझ्या मैत्रिणीनं मुख्य संशोधक म्हणून स्वतःचं नाव घातलं. सहसंशोधक, कोणी नाही. मार्गदर्शक, कोणी नाही. अख्ख्या अर्जात तिच्याशिवाय माणूस नव्हता.

ही बातमी स्टाफरूममध्ये पसरायला चहाचा एक घोट पुरला. "लई मोठ्या झाल्या म्याडम," एकजण म्हणाला. सरांनी विभागप्रमुख म्हणून तिच्या अर्जावर सही केली, पण आठवडाभर तिच्या टेबलाकडे पाहिलं नाही. मी तोंड पाडून बसले होते आणि आतून सुखावले होते. हिचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं. दिल्लीत बसलेली माणसं काय, शेवटी माणसंच. इतका उद्धटपणा कोण खपवून घेईल?

दिल्लीच्या माणसांनी तिला मुलाखतीला पुण्याला बोलावलं. मला पत्र आलं, की मुख्य संशोधक योजनेच्या निकषात बसत नाहीत, सबब प्रस्ताव विचारात घेता येत नाही. बरोबरच होतं. पत्रकाच्या तळाशी अट होती, मुख्य संशोधक महिला हवी आणि तरुण हवी; सर पुरुष होते आणि वयाची अट कधीच ओलांडून गेले होते. डाळ, हापसा, घागरी घेऊन दगडांतून जाणाऱ्या बाया, यातलं एक अक्षरही कुणी वाचलेलं नव्हतं. कागद पहिल्या ओळीवरच बाजूला पडला होता.

मी पत्र सरांना दाखवलं. त्यांनी ते वाचून चारदा घडी घातली आणि म्हणाले, "दिल्लीवाल्यांना कुणाची पत कळत न्हाई." मला तेव्हा त्यांच्यावर मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. मी कमी साखरेचा चहा सांगितला.

मैत्रिणीला मंजुरी मिळाली. मग सुरू झालं माझं ते वर्ष. विभागाशेजारची फुटक्या बाकांची खोली झाडून तिला दिली गेली, तिथं तिचं यंत्र आलं. दारावर पाटी लागली, वर तिचं नाव आणि खाली 'मुख्य संशोधक'. मी दिवसातून कितीदा तरी त्या दारावरून जायची. दुसरी वाट होती, तरी त्याच वाटेनं जायची. ती धर्माबादहून यायची तेव्हा तिच्या ओढणीतून मिरचीचा खकाणा उडायचा आणि समोरच्या टेबलावर मी शिंकत बसायची. स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी म्हणालं, "मिरची धर्माबादची अन् झोंबून राहिली लातुरात." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन नवऱ्याशी कुकरच्या शिट्टीवरून भांडले.

दुसऱ्या कुणाला हेवा वाटला असता तर त्याला निदान एक सोय होती. तो म्हणू शकला असता, की अशांना आजकाल देतातच, कोट्यातून मिळालंय, गुणवत्ता कुठाय. लोक म्हणतही होते. माझ्यापाशी येऊन, आवाज खाली करून म्हणायचे, जणू मी सांत्वनाला बसलेली आहे. पण ते माझ्याबद्दल दुसऱ्या टेबलापाशी काय म्हणतात हे मला ठाऊक होतं. तिला शिवी द्यायला तोंड उघडलं की ती शिवी वळून माझ्याच घरी यायची. असा नुसता, कोरडा हेवा करणं फार कष्टाचं असतं. मी देव मानत नाही, त्यामुळे तिचे नमुने भिजू देत, यंत्र बिघडू दे, हे मागायचं तरी कुणाकडे हीसुद्धा अडचण होती.

तिचं यंत्र बिघडलं नाही. उलट एक दिवस तीच म्हणाली, "तुझं पाणी घेऊन ये की. मशीन दुपारी रिकामीच असते." मी म्हटलं, बघू. नेलं नाही. तिच्या यंत्रावर माझं पाणी मोजलं असतं तर माझ्या निबंधाच्या शेवटी मला बारीक अक्षरात तिचे आभार मानावे लागले असते.

पण तेवढ्यावर मला गप्प राहवलं नाही. मधल्या सुट्टीत तिच्या त्या खोलीत आम्ही डबा खात होतो, आणि मी टोमणा मारला. "बाकी तुझी हिंमत आहे बाई. सरांचं नावसुद्धा टाकलं नाहीस."

तिनं भाकरीचा तुकडा तोडला. "हिंमत कायची त्यात?"

"नाहीतर काय. मला नसतं जमलं."

"तुला कसं जमंल? तुला ते पोरी म्हणतात." ती अगदी साधं बोलत होती, भांडत नव्हती. "इतकी वर्सं झाली, मला त्यांनी कधी नावानं हाक मारलेली आठवती का तुला? 'अहो' म्हणतात, न्हाईतर 'त्या'. ईदचा डबा देते तो घेतात, डबा धुऊन परत देतात, वाईट काहीच न्हाई. पर ज्या घरची मी लेकच न्हाई, त्या घरच्या पत्रिकेवर बापाचं नाव कशाला छापू? माझ्या मनातच आलं न्हाई. खरंच सांगून राहिले."

मी घास तसाच हातात धरून बसले. मला वाटत होतं हिनं काहीतरी ओलांडलं, लाज म्हणा, रीत म्हणा. तिला ओलांडायला काही नव्हतंच. तिला कुणी आत घेतलं नव्हतं, म्हणून तिचा अर्ज स्वच्छ निघाला. मला आत घेतलं होतं, मायेनं घेतलं होतं, आणि त्या मायेची किंमत मी पहिल्या ओळीत चुकती केली होती. आता जे सांगते ते ऐकायला बरं नाही, पण तेव्हा वाटलं ते हेच: मला तिच्या एकटेपणाचासुद्धा हेवा वाटला. माझ्या लग्नानंतर ती खोलीवर एकटी जेवायची त्या वर्षांचा, सर तिला 'त्या' म्हणायचे त्याचाही. तिच्यावर कुणाचा हक्कच नव्हता.

पुढच्या वर्षी ते पत्रक परत लागलं. मी आठ-दहा दिवस त्याच्यासमोरून आले-गेले. तिच्या दारावरची ती पाटी नसती तर मी सरांच्या घरी कधीच गेले नसते. तत्त्वासाठी वगैरे मी गेले नाही. मला तशी पाटी पाहिजे होती.

रविवारी सकाळी गेले. सरांच्या बायकोनं भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर शेंगदाणे जास्त घालून, कारण मला आवडतात हे त्यांना माहीत होतं. मी परीक्षेचं बोलले, त्यांच्या गुडघ्याचं बोलले, क्लासवाल्यांच्या नव्या इमारतीचं बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवणं कशाला म्हणतात ते त्या खोलीत कुणीही पाहून घ्यावं. शेवटी सरच म्हणाले, "बोल आता. किती आडवळणानं चालून राहिलीस?"

मी सांगितलं. अर्ज पुन्हा करायचाय, आणि या वेळी मुख्य संशोधक म्हणून माझंच नाव घालायचंय, दुसरं कुणाचं चालत नाही.

"सहसंशोधक?"

"एकटीचा केला तर बरं, असं पत्रकात लिहिलंय, सर."

सरांनी बशी खाली ठेवली. आत कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, "मी तुझ्याएवढा असताना एक अर्ज केला होता. करडईच्या तेलावर. आमच्या रानात करडई व्हायची, त्याचं तेल लवकर खवट का होतंय ते बघायचं होतं. मुलाखतीला गेलो. त्यातल्या एकानं इचारलं, हे मुरुड कुठं आलं? दुसरा म्हणला, तिथं लाईट हाय का? हसले सगळे. मीबी हसलो. परत आलो ते परत कधी केला न्हाई."

मी बशीतले शेंगदाणे एका बाजूला सारले.

"आमच्या टायमाला असल्या योजना नव्हत्या. आता हायेत तर मी त्यात बसत न्हाई. बरोबरच हाय, मी काय बाई न्हाई आन् तरणाबी न्हाई." ते जरासे हसले. "तू मागच्या सालाला माझं नाव वर टाकलंस तवा मला वाटलं, चला, आपण न्हाई तर आपलं नाव तरी एकदा तिथवर जाईल."

मला त्यांची फार दया आली. ती खोटी नव्हती. या माणसानं मला माझं पूर्ण नाव सांगण्यापासून वाचवलं होतं, आणि त्याला एका छापील ओळीपलीकडे माझ्याकडून काही नको होतं. पण दयेच्या खाली दुसरं काहीतरी घट्ट बसलेलं होतं आणि ते हलत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी होती. मी म्हटलं, "सर, मला माझं नाव पाहिजे."

"टाक मग," ते म्हणाले. "मला कशाला इचारून राहिलीस?" आणि त्यांनी बायकोला हाक मारून आणखी सुशीला आणायला सांगितली. ती मी सगळी खाल्ली. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पुण्याच्या मुलाखतीत चारपाच जण होते. त्यातल्या एकांनी इंग्रजीत विचारलं, की या प्रकल्पाची कल्पना कुठल्या निबंधावरून सुचली. मी म्हटलं, वरणावरून. त्यांना कळेना. मग मी हिंदीत सांगितलं, आमच्या दख्खनी वळणाच्या हिंदीत, की दाल गलतीच नई. एक वयस्क बाई होत्या, त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "कौन सी दाल?" मी म्हटलं तुरीची. त्या म्हणाल्या, त्यांच्या माहेरीही हेच होतं, आई सोडा घालायची. पुढची सगळी मुलाखत त्या बाईंनीच घेतली. हे लातूर कुठं आलं, असं मला कुणी विचारलं नाही. मी लातूर म्हटलं की सगळे मान हलवायचे. भूकंपानं आणि क्लासेसनं आमचा पत्ता सगळ्यांना पाठ करून दिला होता.

मंजुरी आली. बरोबर दोन महिन्यांनी मैत्रिणीला तिच्या कामाचा दुसरा हप्ता, वाढवून, मिळाला. ती म्हणाली, "आता तरी तुझं पोटातलं दुखणं थांबलं का गं?" मी म्हटलं, "न्हाई." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

मग यंत्र आलं. लाकडी खोकं, बाजूंनी पट्ट्या मारलेलं, टेम्पोतून उतरवून वर आणायला पोरं लागली. शिपायानं नारळ फोडला आणि खोक्याला हळदकुंकू लावलं. मी लावत नाही आणि माझी मैत्रीण लावत नाही, पण दोघी हात बांधून उभ्या राहिलो, कारण शिपायाला वाईट वाटलं असतं. विभागातले सगळे आले होते. पेढे वाटले. कुणी म्हणालं, लातूरला मान मिळाला. मी त्या दिवशी नवी साडी नेसले होते, आणि मला कुणाचाही हेवा वाटत नव्हता. कितीतरी दिवसांनी छातीत मोकळं वाटत होतं. तो दिवस मला चवीचवीनं खायचा होता.

सर आले आणि दारातच थांबले. हातात क्लासच्या नोट्सची पिशवी होती. त्यांनी खोक्याकडे पाहिलं. खोक्यावर माझं नाव रंगानं लिहिलेलं होतं, पूर्ण, आडनावासकट, आणि त्याखाली दुसरं काही नव्हतं. ते नाव त्यांनी सावकाश वाचलं. ती नजर मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या नजरेनं मी वर्षभर शेजारच्या दाराकडे पाहिलं होतं.

"आत या ना, सर," मी म्हटलं. "पट्टी तुम्हीच तोडा."

"नगं पोरी," ते म्हणाले. पेढा त्यांनी घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. "बॅच हाय माझी. पोरं वाट बघून राहिलीत."

ते कठड्याला धरून जिना उतरले. गुडघा दुखत होता, म्हणून एकेक पायरी थांबून. मागे शिपाई पटाशी शोधत होता, मैत्रीण काहीतरी थट्टा करत होती, आणि मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. मला रडू आलं नाही. मला त्यांचा राग आला. माझ्या एवढ्या एका दिवशी तरी त्यांनी तसं बघायला नको होतं.